बेड म्हणजे नको

म्हैसूरला मुलाकडे राहायला येऊन आता दोन वर्षं होतील. एवढ्या काळात माझी कानडीची पुंजी पाच शब्दांवर गेली आहे. 'एष्टु' म्हणजे किती, 'साकु' म्हणजे पुरे, 'गोत्तिल्ला' म्हणजे ठाऊक नाही, 'बेकु' म्हणजे हवं आणि 'बेड' म्हणजे नको. पहिले चार शब्द मी पहिल्या आठवड्यातच शिकलो. पाचव्यासाठी मात्र ७,४९९ रुपयांचं बिल यावं लागलं.

त्याचं असं झालं. दसऱ्याचे दिवस होते. इथला राजवाडा दसऱ्यात रोज संध्याकाळी उजळतो. जवळजवळ लाखभर दिवे एकाच क्षणी लागतात. ते बघताना माणसाला आपलंच लग्न लागत असल्यासारखं वाटतं आणि तो कुणालाही नाव-पत्ता लिहून देतो. मी एका स्टॉलवर दिला. टाय लावलेल्या एका मुलाने "अंकल, टू मिनिट्स" म्हणत आम्हा दोघांना खुर्चीत बसवलं, हिच्या मानेला गोगलगायीच्या आकाराचं एक यंत्र लावलं आणि बटण दाबलं. यंत्र घरघरलं. ही म्हणाली, "बरं वाटतंय हो." मग मुलाने लकी ड्रॉची चिठ्ठी पुढे केली. नाव, पत्ता, फोन. सही नव्हती, पैसे नव्हते. म्हणजे फुकट. फुकट असलं की आम्ही अक्षरसुद्धा वळणदार काढतो.

पंधरा दिवसांनी वॉचमनने एक खोकं आणून दिलं. त्याच्या केबिनमध्ये ते तीन दिवस पडून होतं, कारण आम्ही मडिकेरीला गेलो होतो. आत तेच यंत्र, आणि एक पत्र. पत्राची सुरुवात 'अभिनंदन!' अशी होती. मी तेवढंच वाचलं आणि घरभर सांगत सुटलो की ड्रॉ लागला. मला आयुष्यात यापूर्वी एकदाच बक्षीस लागलं होतं, सोसायटीच्या हाऊजीत, चहाची गाळणी. त्यामुळे आनंद मोठा होता.

हिने पत्र शेवटपर्यंत वाचलं. हिची ती सवय जुनी आहे. ठाण्याला असताना ही मुंबई ग्राहक पंचायतीच्या आमच्या गल्लीतल्या संघाचं काम बघायची. १९७५ साली सुरू झालेल्या त्या पंचायतीची पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. महिन्याचं वाणसामान आधी यादीत भरून द्यायचं, मग ते एकत्र येतं, आणि संघातल्या घरांनी मिळून वाटून घ्यायचं. यादीत जे लिहिलं तेच येतं. एका महिन्यात मी यादी भरताना मिठाची ओळ सोडली, तर घरात मीठ आलं नाही. शेजारून आणलं, तेव्हा हिने ते 'उसने' असं वहीत लिहून ठेवलं. अशा बाईच्या घरात न मागितलेलं खोकं आलं होतं.

पत्रात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे यंत्र आपल्याला दहा दिवस वापरून बघण्यासाठी पाठवलं आहे. नको असल्यास पत्राच्या तारखेपासून दहा दिवसांत स्वखर्चाने परत करावं. तसं न केल्यास आपण ते खरेदी केलं असं समजण्यात येईल. पत्राची तारीख बारा दिवसांपूर्वीची होती. म्हणजे मडिकेरीच्या कॉफीच्या मळ्यात मी धुक्याचे फोटो काढत असताना, माझ्याही नकळत, ७,४९९ रुपयांची खरेदी करून मोकळा झालो होतो. आठवड्याने बिल आलं. त्यात 'हँडलिंग' म्हणून २५० रुपये वेगळे होते. खाली, आपल्या सोयीसाठी हप्त्यांची व्यवस्था केली आहे, असं होतं. सोय हा शब्द मला नेहमीच घाबरवतो.

माझी पहिली प्रतिक्रिया कबूल करतो. मी म्हणालो, "देऊन टाकू. कशाला कटकट?"

याला भित्रेपणा म्हणा हवं तर, पण त्याचं मूळ पंगतीत आहे. आमच्या लहानपणी 'नको' हा शब्द नकारार्थी नव्हता. ती वाढणाऱ्याला दिलेली एक प्रकारची सलामी होती. पानावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून श्रीखंड यायचं. दोन्ही हात धरले तर ते मनगटावर यायचं. साताऱ्याकडच्या आमच्या एक मावशी होत्या. 'नको' म्हणणाऱ्याला त्या दोन जिलब्या वाढत आणि 'खरंच नको' म्हणणाऱ्याला चार. तरीही कुणी उठायला लागलाच तर त्यांचं शेवटचं अस्त्र असे: "आमच्या हातचं आवडत नाही वाटतं?" यावर आजवर कुठल्याही पुरुषाला उत्तर सुचलेलं नाही. तेव्हा नको म्हणायचं, हसायचं, आणि खायचं, हे तीन टप्पे आमच्या अंगवळणी पडले. मावशींनी कधी बिल पाठवलं नाही, एवढाच काय तो फरक.

आमच्या शेजारी एक निवृत्त वकील राहतात. मूळचे धारवाडचे, त्यामुळे मराठी बोलतात. पण त्यांच्या मराठीला कानडीचा झोका आहे. सकाळी आम्ही दोघं कुक्करहळ्ळी तळ्याला फेरी मारतो. मी त्यांना सगळं सांगितलं. ते थांबले, एका बगळ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "साहेब, घोड्याची गोष्ट ऐकलाय का तुम्ही?"

गोष्ट इंग्लंडातली, १८६२ सालची. पॉल फेल्टहाऊस नावाच्या काकांना पुतण्याचा घोडा हवा होता. किमतीवरून घोळ झाला. काकांना वाटत होतं व्यवहार ३० पौंडांचा, पुतण्याला वाटत होतं ३० गिनींचा. गिनी पौंडाहून एका शिलिंगाने मोठी. काकांनी मधला आकडा काढला, ३० पौंड १५ शिलिंग, आणि पुतण्याला लिहिलं की तुझ्याकडून काही कळलं नाही तर घोडा माझा झाला असं मी समजेन. पुतण्याने उत्तर दिलं नाही. खरं तर त्याच्याही मनात घोडा काकांनाच द्यायचा होता. लिलाव करणाऱ्याला त्याने तसं सांगूनही ठेवलं होतं. पण लिलाववाले बिंडले यांनी चुकून तो भलत्यालाच विकला. काका कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, घोडा तुमचा झालाच कधी? पुतण्या गप्प होता. गप्प बसणं म्हणजे होकार असं तुम्ही परस्पर ठरवू शकत नाही.

"म्हणजे मौनं संमतिलक्षणम् हे कोर्टात चालत नाही?"

"पूर्वी लग्नात चालायचं साहेब. बाजारात नाही."

माझ्या अंगावरून ७,४९९ रुपये उतरल्यासारखं झालं. पण वकील असे मोकळं सोडत नाहीत. पुढच्या वळणावर ते म्हणाले, "आता दुसरी बाजू बघा. आपला करार कायदा १८७२ चा. त्यात कलम ७०. त्याच्याखाली इंग्रजाने उदाहरण लिहून ठेवलंय. अ नावाचा व्यापारी ब च्या घरी चुकून माल ठेवून जातो. ब तो माल आपलाच असल्यासारखा वापरतो. तर ब ने पैसे द्यायला पाहिजे. तुमच्याकडे चुकून पाठवलं की मुद्दाम, यावर आपण भांडू शकतो. पण वापरलं की तुम्ही ब झालात, काय?"

मी घरी येऊन जाहीर केलं, "आपल्याला काहीही करून ब व्हायचं नाही."

त्याच संध्याकाळी हिची मान धरली.

योगायोग म्हणा. मी संशय घेतलेला नाही; निदान मोठ्याने तरी नाही. ही सोफ्यावर मान कलती करून बसलेली, समोर टीपॉयवर मान दाबायचं कोरं यंत्र, आणि मध्ये १८७२ सालचा कायदा, असा तो देखावा होता. सुंठीचा लेप झाला, गरम पाण्याची पिशवी झाली. दहाच्या सुमारास ही म्हणाली, "दोन मिनिटं लावलं तर कुणाला कळणार आहे?"

"कलम सत्तरला."

"स्टॉलवर लावलं तेव्हा कुठे होतं तुमचं कलम?"

दुसऱ्या दिवशी मी वकीलसाहेबांना विचारलं, जगात कुठेच याला उपाय नाही का? ते म्हणाले, आहे की. अमेरिकेत १९७० च्या टपाल कायद्यात लिहूनच ठेवलंय की न मागवलेला माल टपालाने आला तर घेणाऱ्याने ती भेट समजावी. ठेवावा, वापरावा, नाहीतर टाकून द्यावा. पाठवणाऱ्याने त्याचं बिल पाठवायचं नाही. इंग्लंडने १९७१ साली यावर स्वतंत्र कायदाच केला. आपल्याकडे असं भेटीचं कलम नाही. मी ही माहिती घरी दिली. हिने मान न वळवता, म्हणजे वळवता येत नव्हती म्हणून, उत्तर दिलं, "मग अमेरिकेत मान धरली असती तर बरं झालं असतं."

खोकं टीपॉयवरून फ्रिजवर गेलं. तिथे नातवाचा हात पोचतो असं लक्षात आल्यावर माळ्यावर.

आता ते परत कसं करायचं? स्वखर्चाने, असं पत्रात होतं. तीन किलोंचं कुरियर दूर उत्तरेतल्या एका शहरात. इथे १९३० चा माल विक्री कायदा कामाला आला. घेणाऱ्याने योग्य कारणाने माल नाकारला तर तो परत पोचवून देण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही, नाकारला आहे असं विकणाऱ्याला कळवलं की पुरे, असं त्याचं कलम ४३ म्हणतं. "जिथे खरेदीचा करार आहे तिथेसुद्धा एवढी मोकळीक," वकीलसाहेब म्हणाले, "तर जिथे करारच नाही तिथे तुम्ही हमाली का करायची?"

मी पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा दीड पानी होता. 'आपण आमच्याबद्दल दाखवलेल्या आपुलकीबद्दल आभारी आहोत. आपले यंत्र उत्तम आहे यात शंका नाही. तथापि' अशी सुरुवात होती. 'तथापि'नंतर मी हवापाण्याकडे वळलो होतो. वकीलसाहेबांनी तो कागद चष्मा काढून वाचला, मग लावून वाचला. मग म्हणाले, "हे माल नाकारायचं पत्र आहे की मुलगी नाकारायचं?" त्यांनी तीन ओळी ठेवल्या: हा माल आम्ही मागवलेला नाही. तो स्वीकारलेला नाही आणि वापरलेला नाही. आधी वेळ कळवून आपल्या खर्चाने घेऊन जावा. एक प्रत ईमेलने, एक स्पीड पोस्टाने. पोचपावती फाइलला.

तीन ओळींचं पत्र पाठवताना मला उगीचच उद्धटपणा केल्यासारखं वाटत होतं.

मग मी उत्साहाने म्हणालो, आता ग्राहक आयोगात जाऊ. वकीलसाहेब हसले. "कुणाच्या नात्याने जाताय? कायद्यात ग्राहक कोण? पैसे देऊन किंवा द्यायचं कबूल करून जो वस्तू घेतो तो. तुम्ही दिलेही नाहीत, कबूलही केले नाहीत. तुम्हीच म्हणताय मी घेतलं नाही. मग ग्राहक कसे?"

हा मला मोठाच पेच वाटला. कंपनीच्या लेखी मी 'आमचे सन्माननीय ग्राहक', आणि कायद्यासमोर जायचं तर मी ग्राहकच नाही, याची शहानिशा आधी. ग्राहक व्हायचं असेल तर आधी बिल भरा आणि मग फसलो म्हणून या, असा त्याचा अर्थ मी काढला. "तसं नाही," ते म्हणाले, "मी तुम्हाला समोरचा वकील काय म्हणेल ते सांगितलं. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्यापासून आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनी उत्तरेत असो की उत्तर ध्रुवावर. पण आधी १९१५ ला फोन करा. तिथे कुणी असलं विचारत नाही." शिवाय गावात 'मैसूर ग्राहकर परिषत्' ही जुनी संस्था आहेच, हेही त्यांनी सांगितलं. तिच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं एमजीपी. मुंबई ग्राहक पंचायतीचीही एमजीपी. हे ऐकून हिची मान पहिल्यांदा थोडी हलली.

आणि मग ती पेटली. तिने गेल्या सहा महिन्यांची सगळी बिलं, बँकेची पानं, मोबाइलचे मेसेज असं समोर घेतलं. हातात पट्टी आणि लाल पेन. न मागितलेल्या गोष्टींची यादी निघायला लागली, आणि मला समजलं की खोक्याचं प्रकरण फार किरकोळ होतं. ते निदान दिसलं तरी.

पहिलं निघालं कॉलर ट्यूनचं. माझ्या फोनवर तीन वर्षं एक भक्तिगीत वाजत होतं आणि त्याचे दरमहा पैसे जात होते. हे मला ठाऊक नव्हतं, कारण आपल्या फोनची कॉलर ट्यून ऐकण्याचं भाग्य आपल्याला लाभत नाही. इतके दिवस फोन उचलल्याबरोबर लोक एवढं शांत, गंभीर आवाजात का बोलतात, याचा मला उलगडा झाला. असली सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाकडून दोनदा होकार घ्यायला हवा असं ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०१३ सालीच बजावलं आहे, आणि बंद करायला १५५२२३ हा क्रमांक आहे. मी दोनदा होकार दिला होता का? देवाशप्पथ आठवत नाही. पण एखाद्या दुपारी जेवून डोळा लागत असताना कुणी 'एक दाबा' म्हटलं असेल तर मी दाबलंही असेल. मी कुणाचं मन मोडत नाही.

मग बंगळूरच्या बसची तिकिटं. प्रत्येक तिकिटावर विमा. आणि कुठल्यातरी सत्कार्याला दोन रुपये. सत्कार्याबद्दल तक्रार नाही, पण दान करताना दात्याला ते माहीत असावं एवढी अपेक्षा ठेवली तर ती फार होईल का? पैसे भरायच्या वेळी गिऱ्हाइकाच्या टोपलीत न विचारता वस्तू सरकवणं याला आता सरकारी नाव आहे. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतल्या अशा १३ क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. 'डार्क पॅटर्न' म्हणतात त्यांना. ती यादी वाचताना मी तिसऱ्या क्लृप्तीपाशी थबकलो. विमा नको असेल तर ज्या बटणावर टिचकी मारायची त्यावर 'मी असुरक्षितच राहीन' असं लिहून गिऱ्हाइकाला ओशाळं करणं. हा तर मावशींचा शोध! आमच्या हातचं आवडत नाही वाटतं? सरकारला बंदी घालायला २०२३ उजाडलं, आणि तोवर मावशी गेल्या.

हॉटेलांच्या बिलांत दोन ठिकाणी 'सेवाशुल्क' निघालं. मी तिथे जेवण मागितलं होतं, सेवा मागितल्याचं स्मरत नाही. उलट वाढणाऱ्याला हाका मारून माझाच घसा दुखला होता. ४ जुलै २०२२ पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने स्पष्ट सांगितलं आहे की हॉटेलने हे शुल्क बिलात आपणहून जोडायचं नाही. द्यायचं की नाही ते गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. याबाबतीत मला इथल्या उभ्याने खायच्या साध्या हॉटेलांचं फार कौतुक वाटतं. आधी पैसे, मग टोकन, मग डोसा. टोकनावर जे आहे तेच ताटलीत. त्यात काही सरकवायला जागाच नाही. चटणीसुद्धा डोशावरच बसलेली असते.

पिशव्यांचा हिशेब हिने वेगळ्या पानावर केला. दुकानात दोन सदरे घेतले, काउंटरवर त्यांनी परस्पर कागदी पिशवीत घातले, आणि बिलात पिशवीचे पैसे. चंदीगडच्या एका गृहस्थांना बाटाच्या दुकानात असेच पिशवीचे ३ रुपये पडले होते. पिशवीवर बाटाचंच नाव छापलेलं. ते गृहस्थ तीन रुपयांसाठी ग्राहक मंचात गेले. एप्रिल २०१९ मध्ये मंचाने कंपनीला ९,००० रुपयांचा फटका दिला. हे वाचून मी त्या गृहस्थांना मनातल्या मनात नमस्कार केला. तीन रुपयांसाठी भांडायला जेवढं धैर्य लागतं तेवढं तीन लाखांसाठी लागत नाही. तीन लाखांसाठी भांडणाऱ्याच्या मागे घरचे उभे राहतात. तीन रुपयांसाठी भांडणाऱ्याची बाही ओढतात.

हिला सगळ्यात आवडला तो रिझर्व्ह बँकेचा नियम. न मागता क्रेडिट कार्ड पाठवायला बँकांना सक्त मनाई आहे. १ जुलै २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे, बँकेने ग्राहकाच्या संमतीशिवाय कार्ड सुरू करून त्याचे पैसे लावलेच, तर ते लगेच उलटवायचे आणि वर त्या रकमेच्या दुप्पट दंड निमूटपणे त्या ग्राहकाला द्यायचा. दुप्पट! तेव्हापासून ही टपालाची रोज वाट बघते. एकही बँक तिला न मागितलेलं कार्ड पाठवत नाही.

न मागितलेली प्रत्येक गोष्ट वाईट असते असं मात्र मी म्हणणार नाही. इथल्या देवराज मार्केटात मोगऱ्याचा गजरा मोळाने मोजतात. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक मोळ. फुलवालीचा हात आखूड असला तर आपलं नुकसान, पण मोजून झाल्यावर ती वर चार बोटं जास्त सोडते. त्याला कानडीत 'कोसरु' म्हणतात. आपल्याकडे भाजीवाली पिशवीत कढीपत्ता टाकते, तसं. मी मागितलेला नसतो आणि ती त्याचं बिल करत नाही. मार्केटातून बाहेर पडलं की समोर सय्याजीराव रस्ता. हे आपले बडोद्याचे सयाजीराव, हे कळल्यापासून त्या रस्त्यावर मी जरा ताठ चालतो.

हे सगळं झालं तरी कंपनीचे फोन चालूच होते. रोज एक. कधी हिंदीत, कधी इंग्रजीत, कधी कानडीत. मी प्रत्येकाला "नाही हो, म्हणजे बघतो, सध्या जरा" असं काहीतरी सांगत असे. नातू हे ऐकत होता. तो आठ वर्षांचा, इथल्या शाळेत जातो, कानडी घडाघडा बोलतो. एके दिवशी फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही नको म्हणताना हसता कशाला? फोनमध्ये दिसतं का ते?"

मला एकदम आर. के. लक्ष्मण आठवले. ते याच गावचे, १९२१ साली इथेच जन्मले, इथल्या महाराजा कॉलेजात शिकले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने त्यांना प्रवेश नाकारला होता, आणि पुढे मुंबईतच त्यांनी आपला चौकटीच्या कोटाचा सामान्य माणूस चितारला. वर्षानुवर्षं तो माणूस सगळं बघत उभा राहिला आणि एक अक्षर बोलला नाही. मी आयुष्यभर स्वतःला त्याच्या जातकुळीतला समजत आलो. हे मी हिला सांगितलं. ही म्हणाली, "तो गप्प असायचा, कारण त्याची बायको बोलायची. इथेही तसंच चाललंय. पण फोन तुमच्या नावावर आहे."

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला फोन आला. घरचे सगळे भोवती बसले होते. मी चेहरा सरळ ठेवला.

"सार्, पेमेंट?"

"बेड."

"सार्, मशीन चेन्नागिदे, यूज माडि सार्."

"बेड."

"सार्, फॉर्टी पर्सेंट डिस्काउंट कोडतीनी."

इथे खरं सांगतो, माझा पाय घसरला होता. चाळीस टक्के म्हणजे जवळजवळ तीन हजार. मराठी माणसाला न मागितलेली वस्तू नाकारता येते, पण सूट नाकारणं फार कठीण. मी हिच्याकडे बघितलं. हिने मानेला हात लावला. नातवाने डोळे वटारले.

"बेड," मी म्हणालो. हसलो नाही.

मग पलीकडून आवाज बदलला आणि 'लीगल नोटीस' असे शब्द आले. मी ते वकीलसाहेबांना घाबरत घाबरत सांगितले. त्यांचा चेहरा उजळला. "येऊ दे की! चार वर्षं झाली नोटीस वाचून." ते रोज विचारायचे, आली का, आली का. आली नाही. ते थोडे खट्टू झाले.

१९१५ ला मी मराठीत बोललो. पलीकडच्या मुलीने सगळं शांतपणे लिहून घेतलं आणि तक्रारीचा क्रमांक दिला. मी ग्राहक आहे की नाही हे तिने खरोखरच विचारलं नाही. काही दिवसांनी कंपनीचा दोन ओळींचा ईमेल आला: बिल रद्द करण्यात आलं आहे, आमचा प्रतिनिधी येऊन वस्तू घेऊन जाईल. 'अभिनंदन' वगैरे काही नव्हतं. हिने ईमेल छापून फाइलला लावला, वर 'मीठ' प्रकरणाच्या वेळची तीच वही काढली आणि नोंद केली: यंत्र १, परत द्यायचे.

त्याला आता अकरा महिने झाले. मधल्या काळात हिची मान एका मालिशवालीने बरी केली. रीतसर बोलावून, ठरवून, पैसे देऊन. यंदाच्या आयुधपूजेला म्हैसूरच्या रिवाजाप्रमाणे घरातल्या सगळ्या यंत्रांना हळद-कुंकू लागलं. मिक्सर, शिवणयंत्र, मुलाचा लॅपटॉप, स्कूटर. खोक्याला लावावं की नाही यावर मतभेद झाले. वकीलसाहेबांना बोलावलं. त्यांनी बराच विचार करून, पूजा हा वापर नव्हे पण आपलं समजण्याचा पुरावा धरला जाऊ शकतो, असं मत दिलं आणि केशरीभात खाऊन गेले. खोक्याला लावलं नाही.

ते अजून माळ्यावर आहे. न्यायला कुणी येणार असेल तर नऊनंतर यावं. त्याआधी आम्ही कुक्करहळ्ळीला असतो.